मुलग्याची धार बघितली का?

कोलकात्यात पावसाळा लागला की ताप म्हणजे डेंगी, हे घरोघरी ठरून गेलेलं असतं. टॉलीगंज असो, बेलेघाटा असो की सॉल्ट लेक, सहा-सात महिन्यांचं बाळ तापलं की दुसऱ्या दिवशी त्याचं रक्त तपासायला जातं. डेंगीच्या एनएसवन चाचणीचा निकाल आणि प्लेटलेटचे आकडे फोनवर येतात, ते ठीक निघाले की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. ताप मात्र तसाच असतो. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून अँटिबायोटिकचं सिरप येतं, दोन दिवसांत अंग निवतं आणि विषय संपतो. या धावपळीत बाळाची लघवी बहुधा कुणी तपासलेलीच नसते. बाळ मुलगा असेल तर ते कुणाच्या डोक्यातही येत नाही, कारण लघवीचा संसर्ग हा बायकामुलींचा त्रास अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे.

मोठ्या वयासाठी ही समजूत बरोबर आहे. एकूण बालपणाचा हिशेब केला तर मुलींमध्ये हा संसर्ग ३ ते ८ टक्के आणि मुलांमध्ये जेमतेम १ टक्का आढळतो, असं भारतातले बालमूत्रपिंडतज्ज्ञ सांगतात. पण आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत हे चित्र उलटं असतं. तेव्हा मुलगेच जास्त सापडतात. २००८ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात, ताप घेऊन आलेल्या दोन वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ७ टक्क्यांच्या तापाचं मूळ लघवीच्या संसर्गात सापडलं. तीन महिन्यांच्या आतल्या, सुंता न झालेल्या मुलग्यांत हेच प्रमाण २० टक्क्यांच्या घरात होतं. म्हणजे तापलेल्या दर पाच तान्ह्या मुलग्यांमागे एक. एवढ्या तान्ह्या बाळाला 'शू करताना जळजळतंय' हे सांगता येत नाही. ते दूध ओढत नाही, उलट्या करतं, किरकिर करतं, कधी त्याची कावीळ लांबते, कधी वजनच वाढत नाही. चार आठवड्यांच्या बाळाच्या अंगात ताप असेल तर लघवी तपासल्याशिवाय गप्प बसू नये, हे मला फार निकडीनं सांगावंसं वाटतं.

संसर्ग करणारा जीवाणू बहुतेक वेळा एकच असतो, ई. कोलाय. थिओडोर एशेरिच या जर्मन-ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञानं १८८५ साली तान्ह्या बाळांच्या शौचातच तो पहिल्यांदा पाहिला. कोलकात्याचं आणि या जीवाणूचं नातंही जुनं आहे. इथले संशोधक शंभूनाथ डे यांनी १९५९ साली कॉलऱ्याचं विष शोधून काढलं हे अनेकांना ठाऊक असतं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९५६ मध्ये, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून ई. कोलायच्या काही जाती जुलाब घडवू शकतात हे दाखवलं होतं. लघवीत जाणाऱ्या जाती याहून वेगळ्या. त्यांच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात आणि ते मूत्रमार्गाच्या अस्तराला घट्ट चिकटतात, त्यामुळे लघवीच्या लोंढ्यातही हे जीवाणू टिकून राहतात. आतड्यात ते निमूट राहतात. तिथून कातडीवर, कातडीवरून मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि मग वर मूत्राशयात, असा त्यांचा प्रवास असतो. अगदी नवजात बाळात मात्र ते कधी कधी रक्तातूनही मूत्रपिंडात उतरतात.

मुलाचा मूत्रमार्ग मुलीपेक्षा बराच लांब असतो आणि तो गुदद्वारापासून दूर उघडतो, म्हणून मोठेपणी मुलगा सुरक्षित राहतो. तान्हेपणी ही सोय पुरत नाही, कारण शिश्नाच्या टोकावरची कातडी तेव्हा आतल्या भागाला चिकटलेली असते आणि तिच्या आत पहिले सहा महिने जीवाणूंची दाट वस्ती असते. पुढे ती आपोआप विरळ होत जाते.

या कातडीवरून घरोघरी फार गोंधळ होतो, त्यामुळे तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. कोलकात्यात नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबात बाळ जन्मलं की नागपूरहून किंवा पुण्याहून आजी येते आणि बाळाचं करायला कॅनिंगच्या लोकलनं येणारी आयामाशी ठेवली जाते. भाषा एकमेकींना धड कळत नाही, पण एका गोष्टीवर दोघींचं एकमत असतं. आंघोळीच्या वेळी तेलाचं बोट लावून मुलाची पुढची कातडी रोज थोडी थोडी मागे सरकवायची, म्हणजे 'पुढे त्रास होत नाही'. दोघीही हे मायेनंच करतात. पण त्रासाची सुरुवात नेमकी इथून होते.

जन्मतः ही कातडी मागे न सरणं हा दोष नाही, तीच नैसर्गिक स्थिती आहे. इंग्लंडच्या डग्लस गेर्डनर या डॉक्टरांनी १९४९ साली मुलग्यांची पद्धतशीर पाहणी केली. नवजात मुलांपैकी फक्त ४ टक्क्यांची कातडी पूर्ण मागे सरत होती, वर्षाच्या वयाला सुमारे निम्म्यांची आणि तीन वर्षांच्या वयाला ९० टक्क्यांची. पुढे डेन्मार्कच्या याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुलं वर्षानुवर्षं तपासली. त्यांच्यात सहा-सात वर्षांच्या ८ टक्के मुलांची कातडी अजून घट्ट होती, सतराव्या वर्षापर्यंत तीही सुटत जाऊन जवळपास १ टक्का उरली. म्हणजे हे काम वय आपलं आपण करतं. जबरदस्तीनं ओढल्यावर तिथे सूक्ष्म चिरा पडतात, त्या भरताना पांढरट वण राहतात आणि जी कातडी पाचव्या वर्षी सहज सुटली असती ती खरोखरच आवळून बसते. मागे सरकवलेली कातडी पुढे आली नाही आणि टोक सुजून निळसर पडलं, तर तातडीनं रुग्णालय गाठावं लागतं. कातडीखाली कधी कधी साबुदाण्यासारखे पांढरे गोळे दिसतात. आई-वडील त्याला पू समजून घाबरतात. तो पू नव्हे, सुटत चाललेल्या पेशींचा साठा असतो आणि त्याला हात लावायची गरज नसते. शू करताना कातडी क्षणभर फुगते, तेही बहुतेक वेळा वाढीचाच भाग असतं. बाहेरून साध्या पाण्यानं धुणं पुरेसं आहे. खरोखर आवळलेली कातडी असेल तर डॉक्टर काही आठवडे स्टिरॉइडचं मलम लावायला देतात आणि बऱ्याच मुलांचं काम तेवढ्यावर भागतं.

मग सुंता केली तर संसर्ग टळतो का, हा प्रश्न ओघानं येतोच. बऱ्याच अंशी टळतो, पण सगळ्यांसाठी सारखा फायदा नसतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात हिशेब मांडला आहे. निरोगी मुलांमध्ये एक संसर्ग टाळायला सुमारे १११ सुंता कराव्या लागतात, वारंवार संसर्ग होणाऱ्यांत ११ आणि लघवी मूत्राशयातून मूत्रपिंडाकडे जोरात उलटी चढणाऱ्यांत अवघ्या ४. त्यामुळे सरसकट सगळ्या मुलांची सुंता करावी असं म्हणायला आधार नाही, आणि ज्याच्या मूत्रमार्गात मूळचाच दोष आहे अशा मुलासाठी बालशल्यविशारदानं ती सुचवली तर धर्माचा विषय मानून नाकारण्यात अर्थ नाही. कोलकात्यातल्या अनेक मुस्लिम घरांत सुंता तान्हेपणी होत नाही, मुलगा चालता-बोलता झाल्यावर होते. तोवर पहिल्या काही महिन्यांचा सर्वांत जोखमीचा काळ उलटून गेलेला असतो. म्हणून तापलेलं तान्हं बाळ कुठल्याही घरातलं असो, त्याची लघवी तपासायलाच हवी.

माझ्या मते सगळ्यांत मोलाची खूण फुकटात मिळते, आणि ती म्हणजे धार. मुलाला डायपर न घालता मोकळं ठेवा आणि तो शू करताना पाहा. निरोगी तान्ह्या मुलाची धार कमानीसारखी वर उडते, दुपट्याबाहेर जाते, कधी बदलणाऱ्याच्या अंगावर येते. धार नसून थेंब थेंब गळत असेल, बाळ कुंथत असेल, चेहरा लाल करत असेल, शू झाल्यावरही ओटीपोटात घट्ट गोळा लागत असेल, तर मूत्रमार्गात आडपडदा असण्याची शंका घ्यायची. पोस्टीरियर युरेथ्रल व्हाल्व्ह नावाचा हा दोष फक्त मुलग्यांत होतो. दर ५००० ते ८००० मुलग्यांमागे एकाला तो असतो. मूत्राशयाच्या तोंडाखाली, मूत्रमार्गाच्या मागच्या भागात, पातळ पापुद्रे वाढलेले असतात. लघवी बाहेर ढकलायला मूत्राशयाला इतका जोर लावावा लागतो की त्याचा स्नायू जाड, राठ होतो. आतला दाब मूत्रवाहिन्यांतून वर मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. मूत्राशय कधीच पूर्ण रिकामं होत नाही आणि साचलेल्या लघवीत जीवाणूंना मोकळं रान मिळतं. हा दोष आईच्या पोटात असतानाच सुरू झालेला असतो, त्यामुळे काही बाळांची मूत्रपिंडं जन्माआधीच खराब झालेली असतात. पापुद्रे दुर्बिणीतून कापता येतात, मात्र तोवर झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून इथे एकेक आठवडा महत्त्वाचा असतो.

गरोदरपणातल्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बऱ्याचदा याची चाहूल लागते. बाळाच्या मूत्रपिंडात पाणी साचलेलं दिसतं, मूत्राशय फुगलेलं दिसतं. पण १९९४ च्या कायद्यानुसार आपल्याकडे गर्भाचं लिंग सांगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे अहवालात 'मूत्रपिंडात सूज' एवढंच येतं आणि हे बाळ मुलगा आहे की मुलगी यावर तिचा अर्थ किती बदलतो हे आई-वडिलांना जन्मानंतरच कळू शकतं. तोपर्यंत तो कागद बाळंतपणाच्या फायलीत तळाशी गेलेला असतो. मुलगा झाला की त्याच दिवशी तो अहवाल बालरोगतज्ज्ञांच्या हाती द्यावा. आडपडद्याची शंका असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच सोनोग्राफी करतात. तशी शंका नसेल तर थोडं थांबतात, कारण पहिल्या दोन दिवसांत बाळाला लघवी कमी होते आणि सूज खरी आहे त्याहून कमी दिसते.

दुसरा दोष मुलगे आणि मुली दोघांतही आढळतो. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी, थोडं अंतर काढून आत शिरते. मूत्राशय भरलं की भिंतीच्या दाबानं हा तुकडा मिटतो आणि लघवी मागे फिरत नाही. हे अंतर जन्मतः आखूड असेल तर लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते आणि जीवाणूही तिच्याबरोबर वर जातात. लघवीचा संसर्ग झालेल्या मुलांपैकी साधारण ३० टक्क्यांत असा उलटा प्रवाह सापडतो. त्याच्या पहिलीपासून पाचवीपर्यंत पायऱ्या ठरवलेल्या आहेत. खालच्या पायऱ्यांचा दोष वाढत्या वयाबरोबर बहुतेकदा आपोआप जातो. वरच्या पायऱ्यांचा रेंगाळतो आणि प्रत्येक तापाबरोबर मूत्रपिंडावर व्रण सोडू शकतो. मूत्रपिंडावरचे व्रण दुखत नाहीत. ते पुढे तरुणपणी वाढलेल्या रक्तदाबाच्या रूपात, कधी मूत्रपिंडं निकामी होण्याच्या रूपात समोर येतात.

शाळकरी वयाची कारणं फार वेगळी आहेत आणि ती बहुतेक सवयींतली आहेत. कोलकात्यातला पहिलीतला मुलगा सकाळी लवकर पूलकारमध्ये बसतो. घाईत शौचाला जायचं राहून जातं. शाळेतलं शौचालय घाण म्हणून तो दिवसभर रोखून धरतो आणि शूला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. बाटली जशीच्या तशी घरी परत येते. जूनमधल्या दमट उकाड्यात अंगातलं पाणी घामावाटे जात असतं, लघवी गडद पिवळी होते आणि मूत्राशयात तासन्‌तास पडून राहते. दुर्गापूजेच्या दिवसांत याचीच मोठी आवृत्ती दिसते. एका मंडपाच्या रांगेत दोन-दोन तास, मग पुढचा मंडप, हातात एगरोल आणि थंड पेय, आणि पोराची शू रात्री घरी पोहोचेपर्यंत तशीच. सप्तमी ते दशमी असं चार दिवस चाललं की एकादशी-द्वादशीला पोट दुखतं, चड्डी ओली होते, ताप येतो.

यात बद्धकोष्ठाचा वाटा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत दुर्लक्षित आहे. मळानं भरलेलं मोठं आतडं मूत्राशयाला मागून रेटतं, त्याला पूर्ण रिकामं होऊ देत नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बद्धकोष्ठावर नीट उपचार झाल्यावर मुलांचं दिवसा चड्डी ओली होणं आणि वारंवार होणारा लघवीचा संसर्ग, दोन्ही थांबत गेले. रोज शौचाला होते असं आई सांगते, पण किती होते आणि कशी होते हे सात वर्षांच्या मुलाला कुणी विचारत नाही. दिवसाला लिटरभर दूध, मैद्याची बिस्किटं, रविवारी लुची आणि पानात भाजी जेमतेम, एवढ्यावर आतडं कसं चालणार? डॉक्टरांनी लघवीच्या आजाराला पोट साफ होण्याचं औषध लिहून दिलं तर ते चुकून दिलंय असं समजून बंद करू नये. ते महिनोन्‌महिने द्यावं लागतं.

डायपरबद्दल पालक नेहमी विचारतात. डायपरमुळेच संसर्ग होतो असं छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही. शौच झालेला डायपर तासभर तसाच ठेवणं मात्र वाईट, आणि आपल्या हवेत तर फारच वाईट. जुन्या साड्यांची मऊ दुपटी, बंगाली घरातल्या काँथा, भर दुपारी केव्हाही बऱ्या, शिवाय त्यात धारही दिसते. आईचं दूध संसर्गापासून राखण करतं, हे स्वीडनमधल्या पाहणीत दिसलं आहे. उलट, साध्या सर्दीला दिलेलं अँटिबायोटिक आतड्यातले निरुपद्रवी जीवाणू मारून चिवट जातींना जागा करून देतं. २०१४ पासून भारतात अनेक अँटिबायोटिकं औषधांच्या 'एच-वन' यादीत आहेत आणि दुकानदाराला त्यांच्या विक्रीची नोंद ठेवावी लागते. तरी चिठ्ठीशिवाय ती मिळतात हे आपण सगळे जाणतो.

यातूनच तपासणीचा मुद्दा येतो. सिरपचा एक डोस पोटात गेला तरी लघवीत जीवाणू उगवेनासे होतात, अहवाल 'संसर्ग नाही' असा येतो आणि आजार मात्र मूत्रपिंडात असतो. म्हणून आधी लघवी, मग औषध. लघवी कशी धरली यावर सगळं अवलंबून आहे. तान्ह्या मुलाला चिकटवायची पिशवी सोपी वाटते, पण तिच्यात कातडीवरचे जीवाणू हमखास मिसळतात. पिशवीतला नमुना स्वच्छ निघाला तर उपयोगाचा, दोषी निघाला तर त्यावर विश्वास ठेवता येत नाही. बाळाला धुऊन, मांडीवर धरून, धार सुरू झाल्यावर मधली लघवी निर्जंतुक बाटलीत झेलायची. मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये एक साधी युक्ती तपासून पाहिली. गार सलाइनमध्ये भिजवलेल्या कापडानं बाळाच्या ओटीपोटावर गोल गोल चोळलं. पाच मिनिटांत शू करणारी बाळं १२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेली. फार आजारी बाळात डॉक्टर बारीक नळी घालून लघवी घेतात. आई-वडील याला घाबरतात, पण त्या मिनिटभराच्या रडण्यातून खरं उत्तर मिळतं.

बाटली भरल्यावर तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचायला हवी. ऊब मिळाली की ई. कोलाय वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. बेहालाहून निघालेला नमुना बाबांच्या पिशवीत दोन तास वाहतुकीत अडकला तर त्यात मिसळलेले जीवाणू कित्येक पटींनी वाढतात आणि निरोगी मुलाला आजारी ठरवतात. उशीर होणार असेल तर बाटली फ्रीजमध्ये ठेवावी आणि बर्फाच्या डब्यातून न्यावी. मिलिलिटरमागे १ लाख जीवाणू हा झेललेल्या लघवीचा जुना, सर्वमान्य आकडा आहे, नळीनं घेतलेल्या लघवीत त्याहून कमीही पुरतात.

निदान झाल्यावर अँटिबायोटिक साधारण ७ ते १० दिवस चालतं, दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला रुग्णालयात ठेवून शिरेतून द्यावं लागतं. ताप दोन दिवसांत उतरला तरी मधेच थांबवायचं नाही. सोनोग्राफी प्रत्येक मुलग्याची व्हावी. मूत्राशयात औषध भरून एक्स-रे काढण्याची चाचणी पूर्वी सरसकट करत, आता ती सोनोग्राफीत दोष दिसला, धार वाईट असली, संसर्ग पुन्हा झाला किंवा ई. कोलायऐवजी वेगळा जीवाणू सापडला तर विचारात घेतात. कोलकात्यात या सगळ्याची सोय आहे. बालवैद्यकाची परंपराही या शहरात जुनी आहे. १९३३ साली डॉ. के. सी. चौधुरी यांनी इथूनच 'इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स' सुरू केलं आणि पुढे पार्क सर्कसला इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थ उभं केलं. फूलबागानला बिधानचंद्र राय यांच्या नावाचं मुलांचं सरकारी रुग्णालय आहे.

एकदा संसर्ग होऊन गेलेल्या मुलग्याला पुढच्या वर्ष-दोन वर्षांत कारण न सापडणारा ताप आला, तर पहिल्याच दिवशी त्याची लघवी तपासायला हवी. ताप आल्यावर उपचार सुरू व्हायला दोन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला की व्रणांचं प्रमाण वाढतं असं दिसून आलं आहे. मावशी, आजी, पाळणाघरातली ताई, ज्या कुणाच्या हाती तो दिवसभर असतो तिला हे सांगून ठेवावं, आणि निर्जंतुक बाटली घरात आणून ठेवावी. ज्या मुलात उलटा प्रवाह सापडला त्याच्या भावंडांपैकी साधारण चारांत एकाला तोच दोष असतो. म्हणून धाकट्याला कधी ताप आला तर डॉक्टरांना थोरल्याचं निदान आधी सांगायचं.